साक्षीदारावरचा राजहंस

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर येत्या रविवारी तुम्ही गाडी काढून तिथं पोचाल, बदकाच्या आकाराच्या पॅडलबोटीत बसाल आणि फोटो टाकाल. आधीच कमी लोक टाकत नाहीत. लोहाऱ्याच्या बाजूला, धाराशिव जिल्ह्यात आहे एवढं पुरे.

गेल्या तीन वर्षांत तिथं सगळं झालं आहे. तिकिटाची खिडकी झाली, रंगीत दिवे लागले, लाल बदामाची मोठाली अक्षरं उभी राहिली. लग्न ठरलेली जोडपी भाड्याचे घागरे घालून येतात आणि काठावर उगाच एकमेकांमागं पळतात. मध्ये हिरवं पाणी आहे. पाण्याच्या बरोबर मधोमध काळ्या दगडाचा एक उंच खांब उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर फायबरचा पांढरा राजहंस बसवला आहे. अंधार पडला की राजहंसाच्या पोटात जांभळा दिवा लागतो. हे ज्याला सुचलं असेल, त्याच्या डोक्यातही तसलाच दिवा असणार.

आणि दारातच पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: "निसर्गाची अद्भुत किमया! कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसातून साकारलेला हा नैसर्गिक सुळका आणि त्याला कवेत घेणारं हे निळंशार सरोवर पाहताना पर्यटकांचं भान हरपतं."

पाणी निळंशार नाही, हे मी वर सांगितलंच. भान हरपतं हे मात्र खरं आहे, मागं एकाचं हरपलं आणि त्याचा मोबाईल तळाला गेला. पण सुळका नैसर्गिक नाही आणि सरोवर तर मुळीच नाही. ती दगडाची खाण आहे. माणसांनी पहारीनं आणि घणानं खोदलेला खड्डा आहे तो. ज्यांनी खोदला त्यांची नातवंडं आज तिकीट काढून आत जातात, निसर्गाची किमया बघतात आणि भेळ खाऊन घरी येतात. ही पाटी लिहिणाऱ्या माणसाचा मला जेवढा संताप येतो तेवढा जगात कुणाचाच येत नाही. त्याच्याकडं पुढं येतोच. आधी त्या खाणीच्या मुकादमांविषयी सांगतो, कारण त्यांच्याविषयी त्या गावात कुणी काही सांगत नाही.

मी त्या गावच्या हायस्कुलात भूगोलाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा खोली शोधत मुकादमांच्या दारात गेलो होतो. घर काळ्या घडीव दगडाचं, बसकं. दारात पन्नाशीचा एक काटक माणूस उंबऱ्याजवळच्या पायरीवर बसला होता. "खोली आहे का?" असं विचारलं. उठले, आत गेले, खोलीची भिंत बोटांच्या पेरांनी टकटक वाजवली आणि म्हणाले, "ऐकलं का?"

मी म्हणालो, "काय?"

"भरीव हाय. आता तुमच्या त्या हायस्कुलाची भिंत वाजवून बघा, मंग इकडं या."

मी खरंच शाळेची भिंत वाजवून आलो. नवीन माणूस होतो, काय करणार. ती डब्यासारखी वाजली. मुकादमांनी खोली दिली, एकाच अटीवर. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मी त्या घरात चार वर्षं काढली आणि चारही वर्षं माझं कॅलेंडर ट्रंकेवर आडवं पडलेलं होतं. तारीख बघायला वाकावं लागायचं. एकदा मी चोरून, अगदी बारीक खिळा ठोकायला गेलो. हातोडीचा पहिला ठोका पडला नाही तोच मुकादम बाहेरून ओरडले, "मास्तर, तिला दुखतंय ते मला ऐकू येतंय!" पुन्हा कधी धाडस केलं नाही.

वाजवून बघणं हा त्यांचा नुसता चाळा नव्हता, जगाकडं बघायची तीच त्यांची रीत होती. कुणाच्याही घरी गेले की रामराम नंतर, आधी भिंत. बाजारात कलिंगड वाजवायचे, ते सगळेच वाजवतात. मुकादम मडकं, पाट, दार, ट्रॅक्टरची ट्रॉली असं काहीही वाजवायचे. पुतणीला बघायला पाहुणे आले तर म्हणाले, "पोरगा चांगला दिसतुय, पर वाजवून बघितला का?" शाळेची नवी इमारत झाली, तिच्या उद्घाटनाला पुढारी आले. फीत कापायच्या आत मुकादम व्हरांड्याच्या खांबापाशी गेले, टकटक केली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोकळ हाय, साहेब. लेकरं बसवू नका." लोक हसले. हेडमास्तरांनी मला नंतर बोलावून तुमच्या घरमालकाला आवरा म्हणून सांगितलं. दोन पावसाळ्यांनी त्याच व्हरांड्याचं छत सुटलं. सुट्टीचा दिवस होता म्हणून बरं. त्यानंतर तरी कुणी त्यांच्याकडं जाऊन चुकलो म्हणावं? छे! उलट, म्हातारा अपशकुनी बोलतो अशी बोंब झाली.

खुर्चीवर ते बसत नसत. लग्नात मांडवभर खुर्च्या टाकलेल्या असल्या तरी हे आपले शोधून एखाद्या जोत्यावर नाहीतर पायरीवर. गावात सिमेंटचा रस्ता झाला तर ते त्याच्या कडेनं, मातीतून चालायचे. आणि लांबी-उंची मोजायची ती पुरुसात. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुस. जुने लोक विहिरीची खोली अशी मोजतात. मुकादम सगळंच तसं मोजायचे. तहसील कचेरी तीन पुरुस, पाण्याची टाकी नऊ पुरुस. मला पहिल्याच दिवशी नखशिखांत बघून म्हणाले होते, "तुमी काय पुरा पुरुस न्हाय भरत, मास्तर." माझी उंची बेताची आहे. पण बोलायची ही काय पद्धत झाली?

त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. मावशींचं माहेर कानडी मुलखातलं. रागावल्या की कानडीत पुटपुटायच्या आणि नवऱ्यावर त्या रोज रागावायच्या. त्यांचा डावा डोळा नव्हता. मी कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा भाकरी थापता थापता सांगितलं, "खडी फोडताना कपची उडाली. बहात्तरच्या दुस्काळात." मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं सांगितलं. पुढं त्या गावात राहून लक्षात आलं की त्यांच्या वयाच्या आणखी तीन-चार बायका एकाच डोळ्यानं बघतात. बाया मांडीशी दगड घेऊन हातोडीनं खडी फोडायच्या, दिवसभर, उन्हात. डोळ्याला लावायला त्यांना कुणी काही दिलं नव्हतं. सुकडी दिली होती खायला, ती सगळ्यांना आठवते.

साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी संध्याकाळी मुकादमांच्या ओसरीवर वर्ग घेत असे. मावशी सगळ्यांत हुशार. एका डोळ्यानं पाटी अगदी जवळ धरून, ओठ हलवत, अक्षराला अक्षर लावत वाचायच्या. मुकादम मात्र पायरीवर पाठ करून बसायचे. "मला दगूड वाचता येतो, बास," म्हणायचे. "कागदावर कुनीबी काईबी लिवतंय."

खाण त्यांनी मला दाखवली ती एका रविवारी. तेव्हा तिच्यात पाणी नव्हतं. काठावर उभं राहिलं की खाली चारी बाजूंनी काळे कडे आणि मधोमध तो खांब. वर एवढीशी सपाट जागा, तिच्यावर वाळकं गवत आणि तरवडाचं एक झुडूप, पिवळ्या फुलांनी भरलेलं. मी भूगोलाचा माणूस. बघताक्षणी म्हणालो, "वा! काय सुळका आहे!"

मुकादम माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली.

"सुळका? मास्तर, त्यो साक्षीदार हाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मी आता तुम्हाला सांगतो, नीट ऐका, कारण सगळं ह्यातच आहे. मोठा खड्डा खणताना मधोमध मूळच्या जमिनीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. त्याला साक्षीदार म्हणतात. भोवतीची जमीन खाली जात राहते, तो आहे तिथंच राहतो. काम झालं की साहेब टेप घेऊन येतो, साक्षीदाराच्या डोक्यापासून तळापर्यंत मोजतो, वहीत मांडतो, आणि मग म्हणतो, काढा आता हा. मग तो फोडून टाकायचा. एकदा तो गेला की जमीन आधी कुठवर होती आणि माणसं किती खाली गेली, हे सांगणारं तिथं काही उरत नाही. म्हणून मोजल्याशिवाय साक्षीदाराला हात लावायचा नाही, हा खणणाऱ्यांचा कायदा. चोर-दरोडेखोरसुद्धा पाळतील असा.

बहात्तर साली सरकारनं दुष्काळी काम म्हणून ही खाण उघडली तेव्हा मुकादम विशीतले. बापाबरोबर दगडात वाढलेले, म्हणून साहेबानं ह्यांनाच मुकादम केलं. गावच्या गाव खाणीत उतरलं होतं. गडी पहारी-घण घेऊन खाली, बाया काठावर खडी फोडायला. दोन पुरुस खोल गेल्यावर साहेब आला, मोजलं, म्हणाला, काढा. आणि मुकादमांनी हात जोडले.

"कामून?" असं साहेबानं विचारलं म्हणे.

"म्या म्हनलं, साहेब, ह्या तरवडापाशी म्या शेरडं राखल्यात. समद्या खड्ड्यात आता तेवढीच जुनी जमीन ऱ्हायलीय. आन् हे बी काढलं तर उद्या कोन म्हनंल हितं मानसं राबली? म्हनतील, देवाचाच खड्डा हाय."

साहेब भला असावा, नाहीतर घाईत असावा. म्हणाला, राहू दे, पुढच्या मोजणीला काढ. पुढच्या मोजणीला मुकादम पुन्हा म्हणाले, पुढच्या मोजणीला. असं करत पंधरा वर्षं गेली. दुष्काळ सरला तरी खाण चालू राहिली. गावातली जुनी मराठी शाळा, बाजारकट्टा, तहसील कचेरी, अर्ध्या गावाची जोती, सगळा दगड त्याच खड्ड्यातला. साक्षीदार दोनाचा सहा पुरुस झाला. तो वाढला नाही, भोवतीची माणसं खाली गेली.

मी असतानाच खाण एका क्रशरवाल्याकडं गेली. सुरुंग आले. मधला खांब गाड्यांना आडवा येत होता म्हणून त्यानं तो उडवायचा ठरवला. मुकादमांना कळलं. त्यांनी फडक्यात भाकरी बांधली आणि खांबाच्या अंगाला त्यांनीच कधीकाळी पाडलेल्या खोबण्यांत पाय रोवत ते वर जाऊन तरवडापाशी बसले. दोन दिवस बसले. क्रशरवाला खालून ओरडायचा, "उतर रे म्हाताऱ्या!" आणि हे वरून विचारायचे, "मोजलं का? मोजनी दाखव, लगेच उतरतो." तिसऱ्या दिवशी मावशी खाणीच्या काठावर उभ्या राहिल्या आणि कानडी-मराठी मिसळून त्यांनी दोघांनाही, नवऱ्याला आणि क्रशरवाल्याला, असं काही झाडलं की क्रशरवाल्यानंच सुरुंगाची माणसं परत पाठवली. गाड्यांचा रस्ता त्यानं वळवून घेतला. सगळं गाव काठावर बसून हे बघत होतं. शेंगा खात! एकही माणूस खाली उतरून मुकादमांच्या बाजूनं उभा राहिला नाही. त्या एका डोळ्याच्या बायांची पोरंसुद्धा नाहीत. मीही नव्हतो. मला तास होता.

पुढं माझी बदली तुळजापूरकडं झाली. क्रशर बंद पडला, पाणी उपसायचं थांबलं आणि खाण भरत गेली. वर्षा-दोन वर्षांनी जाणं व्हायचं. मुकादम म्हातारे झाले, पण भेटले की आधी खबर साक्षीदाराची. "दोन पुरुस बुडाला. पर चार हाय अजून वर."

तीन वर्षांपूर्वी मला फोन आला. माझाच एक जुना विद्यार्थी त्या गावात नगरपंचायतीवर निवडून आला होता. खाणीचं पर्यटनस्थळ करतोय म्हणाला. "सर, दारातली पाटी तुमच्याच लेखणीतून पाहिजे. जरा भारदस्त येऊ द्या. फक्त खाण-बिण लिहू नका, सर. खाण म्हणलं की फॅमिली येत नाही."

मी हो म्हणालो.

होय. ती पाटी मी लिहिली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर होता, त्यातूनच एक कोरा कागद ओढला आणि दहा मिनिटांत लिहून टाकली. दगड लाव्हारसाचा आहे हे खरं, असं मी मनाला समजावलं. भूगोलाच्या मास्तराला एवढी पळवाट पुरते. उद्घाटनाला मला शाल मिळाली, नारळ मिळाला, सूत्रसंचालकानं "निसर्गाची अद्भुत किमया" हे शब्द दोनदा म्हणून दाखवले. मुकादम त्या वेळी पाय मोडून लेकीकडं येरमाळ्याला पडले होते. ते बरंच झालं असं मला वाटलं. हेही सांगून टाकतो, लपवून काय करू!

चार महिन्यांनी ते काठी टेकत परत आले आणि मला निरोप धाडला: या, आपन साक्षीदार बघून येऊ. मी जायलाच नको होतं. गेलो.

मुकादम, मावशी आणि मी. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आजोबा, ज्येष्ठ नागरिकांना अर्धं तिकीट."

मुकादम म्हणाले, "अर्धं? खड्डा अर्धाच खनला व्हता का म्या?"

मी पटकन तिकिटं काढली. आत गेल्यावर मुकादम काठाला उभे राहिले.

"त्ये बदक कशापाय बसिवलंय?"

"राजहंस आहे तो," मी म्हणालो.

"तरवड कुटं हाय?"

राजहंसाला बैठक करायला तरवड तोडला होता. वरच्या जुन्या जमिनीवर सिमेंट ओतलं होतं. मला ते माहीत होतं. मी म्हणालो, "वाळला असेल." हे पहिलं खोटं. पुढचं सोपं गेलं.

परत फिरताना त्यांना पाटी दिसली. जवळ गेले, पेरांनी वाजवली. "पत्रा," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "वाचा की, मास्तर. काय लिवलंय आमचं?"

आमचं! मी त्या पाटीकडं बघितलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ही दगडाची खाण आहे."

"बरं."

"बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या माणसांनी ही हातांनी खोदली."

"लिवलंय? मानसांनी म्हनून?"

"लिहिलंय."

"बायांचं?"

"काठावर बसून बायांनी खडी फोडली, असं लिहिलंय."

"त्यांच्या डोळ्याचं?"

मी निळ्या पत्र्याकडं बघत वाचलं, "त्यात काही जणींचे डोळे गेले."

"आन् साक्षीदार?"

"मधला खांब म्हणजे साक्षीदार. माणसं किती खोल गेली ते कळावं म्हणून ठेवलेला."

मुकादमांनी काठी काखेत धरली आणि पाटीला हात जोडले. त्यांनी देवळातही कधी नीट हात जोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. "बराबर लिवलंय," म्हणाले. "ज्यानं लिवलं त्याला मोजनी कळते."

तेव्हा माझं मावशींकडं लक्ष गेलं. त्या पाटीच्या अगदी जवळ उभ्या होत्या. उजवा डोळा बारीक केलेला, ओठ हलत होते. नै. स. र्गि. क. मी शिकवलं होतं तसंच, अक्षराला अक्षर लावत. ओळ संपेपर्यंत वाचलं, पदर सारखा केला आणि चालायला लागल्या.

पुढचे आठ दिवस मुकादम गावभर सांगत फिरले. काठी आपटत, खाणीत राबलेल्या आणि अजून हयात असलेल्या एकेका म्हाताऱ्याच्या दारात जाऊन. "आपलं लिवलंय! पाटीवर! बायांचं बी लिवलंय!" लोकांनी पाटी रोज वाचलेली. लोक हसले. म्हाताऱ्याला भ्रम झाला म्हणाले. खरं काय ते एकालाही धड सांगवलं नाही. शेवटी मावशींनीच सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी मुकादम तुळजापूरला माझ्या दारात उभे. पहिल्यांदाच आलेले. मोडलेला पाय घेऊन, एसटीनं. मला वाटलं आता भिंत वाजवतील. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. दारातल्या पायरीवर बसले. मी पाणी आणलं, ते बाजूला ठेवलं.

"मास्तर, पाटी कुनी लिवली?"

"मी लिहिली."

मी काहीबाही बोलत होतो: बदलता येईल, मी सांगतो त्या पोराला, माझ्या शब्दाबाहेर नाही तो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"साक्षीदार काढायचा हक साहेबाचा असतुय. म्या न्हाय म्हनत न्हाय. पर साहेब बी आदी मोजतो, मंग काढा म्हनतो. त्यो क्रशरवाला, त्यो बी मोजल्याबिगर हात लावायला भ्याला. तुमी तर शिकलेले. तुमी न मोजताच काढला, मास्तर."

उठले. पाणी न पिता गेले. मी स्टँडपर्यंत मागं मागं गेलो, ते एकदाही वळले नाहीत. त्या थंडीत ते वारले. मला तेरवीला कळलं.

त्यानंतर मी नगरपंचायतीत तीन अर्ज दिले आहेत. पाटीवरचा मजकूर चुकीचा आहे, बदलावा. पहिल्या अर्जाचं काय झालं माहीत नाही. दुसरा हरवला. तिसऱ्याला लेखी उत्तर आलं, ते मी जपून ठेवलं आहे: सदर मजकूर नामवंत शिक्षकांकडून लिहून घेतला असल्यानं त्यात बदल करणं उचित होणार नाही. मी जाऊन टेबलावर हात आपटला. अरे, तो नामवंत मीच ना! बाबू म्हणाला, "हो सर, म्हणूनच तर." चहा सांगू का, असंही विचारलं त्यानं.

आता मी रविवारी जातो. तुळजापूरहून बस, पुढं काळीपिवळी. मावशी दारात तयार बसलेल्या असतात. आम्ही दोन तिकिटं काढतो, त्यांचं अर्धं त्या घेत नाहीत, पुरं काढायला लावतात. मग त्या मला पाटीसमोर उभं करतात आणि म्हणतात, "वाचा, सर." पहिल्यांदा मला वाटलं ही शिक्षा आहे. असेलही. मी वाचतो. ही दगडाची खाण आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या माणसांनी ही हातांनी खोदली. लोक थांबतात, माझ्याकडं बघतात, पाटीकडं बघतात, एकमेकांना खुणा करतात. तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसानं माझं काय नाव ठेवलंय ते मला माहीत आहे.

मागच्या रविवारी घागऱ्यातली नवरी आणि तिचा तो होणारा नवरा थांबले. पोरगा चांगला शिकलेला, अदबीनं बोलणारा. माझं वाचून होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "काका, तुम्ही काहीतरी वेगळंच वाचताय. इथं असं काही लिहिलेलं नाहीये."

"माहीत आहे," मी म्हणालो. "हे मीच लिहिलंय."

त्याला काही कळेना. तो नवरीकडं बघायला लागला. तेवढ्यात मावशींनी मागून माझ्या सदऱ्याची बाही ओढली.

"सर," त्या म्हणाल्या, "डोळ्याचं ऱ्हायलं."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.